इन्क्लिसिरान आणि इंग्लंडची आरोग्यसेवा : कोलेस्टेरॉलवरील एका आरएनए औषधाचे प्रकरण

सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या दिवशी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, नोव्हार्टिस कंपनीशी झालेला एक मोठा करार जाहीर केला. इन्क्लिसिरान हे कोलेस्टेरॉल उतरवणारे नवे इंजेक्शन पुढील तीन वर्षांत सुमारे तीन लाख रुग्णांना द्यायचे, आणि तेही मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडून नव्हे तर मुख्यतः जीपींच्या, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून, अशी ती योजना होती. त्यामुळे दहा वर्षांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मिळून ५५,००० घटना टळतील आणि ३०,००० जीव वाचतील, असा अंदाज त्या घोषणेत दिला होता. त्या दिवशी वस्तुस्थिती अशी होती की इन्क्लिसिरानने रक्तातील एलडीएल, म्हणजे धमन्यांत साठणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल निम्मे होते हे सिद्ध झाले होते, परंतु त्यामुळे झटके कमी होतात का, हे तपासण्यासाठी आखलेली एकही चाचणी पूर्ण झाली नव्हती. तीन वर्षे उलटली तेव्हा प्रत्यक्ष इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांची संख्या उद्दिष्टाच्या फार मागे होती.

औषध उत्तम, करार मोठा, सरकारची इच्छा ठाम, आणि तरीही योजना अडखळली. ती का, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तरासाठी आधी रेणूची घडण आणि त्यामागचे संशोधन समजून घ्यावे लागते, कारण घोषणा करणाऱ्यांचा विश्वास आणि डॉक्टरांची शंका या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर असतात. ते रक्तातील एलडीएलचे कण पकडून पेशीत नेतात, तिथे कण सोडतात आणि पुढचा कण पकडण्यासाठी पुन्हा पृष्ठभागावर येतात. पीसीएसके९ नावाचे प्रथिन या रिसेप्टरला चिकटले की मात्र तो परत येत नाही. पेशीतच त्याचे विघटन होते. म्हणजे पीसीएसके९ जितके जास्त, तितके रिसेप्टर कमी आणि रक्तातील एलडीएल जास्त. २००३ मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून हे जनुक प्रकाशात आले. या कुटुंबांत पीसीएसके९ अतिक्रियाशील होते आणि कोलेस्टेरॉल लहान वयापासून फार जास्त होते. त्यानंतर अमेरिकेत डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट बाजू तपासली. ज्यांच्यात हे जनुक जन्मतःच निकामी आहे अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, आणि त्यांच्यातील हृदयधमनीविकाराचे प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधशास्त्रात असा पुरावा क्वचित हाती येतो. एक प्रथिन आयुष्यभर कमी राहिल्यास माणसाचे काय होते, याची चाचणी निसर्गानेच करून ठेवली होती, आणि ती माणसे धडधाकट होती.

पीसीएसके९ रोखण्याचे दोन मार्ग होते. पहिला, प्रथिन तयार झाल्यावर त्याला रक्तात पकडणाऱ्या प्रतिपिंडांचा. इव्होलोक्युमॅब आणि ॲलिरोक्युमॅब ही ती औषधे, जी साधारणतः दर दोन आठवड्यांनी टोचून घ्यावी लागतात. दुसरा, प्रथिन तयारच होऊ न देण्याचा. पेशीतील जनुकाचा आदेश संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तो वाचून प्रथिन बनते. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवले की दुहेरी धाग्याचा आरएनए पेशीत सोडला तर त्याच्याशी जुळणारा संदेश नष्ट होतो. या शोधासाठी त्यांना २००६ चे नोबेल मिळाले. इन्क्लिसिरान हा अशाच दुहेरी धाग्याचा, प्रत्येक बाजूला वीस-बावीस घटक असलेला लहानसा आरएनए आहे. पेशीत शिरल्यावर त्याचा एक धागा तिथल्या प्रथिनसमूहात बसतो, पीसीएसके९ चा संदेश ओळखून तो कापला जातो, आणि तोच धागा पुढच्या संदेशासाठी पुन्हा वापरला जातो. करोनाच्या काळात आरएनए लशींविषयी जे प्रवाद पसरले ते लक्षात घेता एक गोष्ट इथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते. त्या लशीतील आरएनए पेशीकडून एक प्रथिन बनवून घेतो, तर इन्क्लिसिरान एका प्रथिनाची निर्मिती थांबवतो, आणि दोन्हींपैकी कोणीही आपल्या डीएनएत फेरफार करत नाही.

आरएनए औषधांची खरी अडचण त्यांना योग्य पेशीपर्यंत पोहोचवण्यात होती. रक्तातील विकरे (एन्झाइम) उघड्या आरएनएचे काही मिनिटांत तुकडे करतात. इन्क्लिसिरानच्या जवळजवळ प्रत्येक घटकात त्यासाठी रासायनिक बदल केले आहेत, आणि त्याच्या एका टोकाला गॅलनॅक नावाच्या शर्करेचे तीन रेणू जोडले आहेत. ही शर्करा ओळखून आत घेणारे रिसेप्टर प्रामुख्याने यकृताच्या पेशींवरच असतात. त्यामुळे पोटाच्या कातडीखाली दिलेले दीड मिलीलिटर औषध जवळजवळ सरळ यकृतात जाते. दोन दिवसांत रक्तात त्याचा मागमूसही राहत नाही, परंतु यकृताच्या पेशींतील कप्प्यांत अडकून पडलेला साठा हळूहळू सुटत राहतो आणि परिणाम सहा महिने टिकतो. पहिल्या दिवशी एक इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे, आणि नंतर दर सहा महिन्यांनी एक, हे वेळापत्रक या गुणधर्मावर उभे आहे.

या टप्प्याला येण्यापूर्वी याच क्षेत्रात दोन अपयशे घडली होती, आणि इंग्लंडमधील वादाचा विचार करताना ती विसरून चालणार नाही. मिपोमर्सेन हे एकेरी धाग्याचे औषध एलडीएल कणातील मुख्य प्रथिनाच्या संदेशावर मारा करत असे. आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या गंभीर कौटुंबिक उच्च कोलेस्टेरॉलसाठी अमेरिकेने जानेवारी २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. आठवड्याला २०० मिलीग्रॅमचे इंजेक्शन, टोचल्या जागी लाली आणि वेदना, यकृतात चरबी साठणे आणि यकृताच्या विकरांची वाढ, यामुळे त्यावर कडक इशारा छापावा लागला. युरोपच्या नियामकाने ते नाकारले, आणि पुढे ते बाजारातूनच गेले. दुसरे रेव्हुसिरान. हे कोलेस्टेरॉलवरचे नव्हते, पण इन्क्लिसिरान जिच्या प्रयोगशाळेत जन्मले त्या अल्नायलम कंपनीचेच आणि गॅलनॅक जोडलेलेच होते. हृदयात अमायलॉइड नावाचे बिघडलेले प्रथिन साठणाऱ्या आजारावरील त्याच्या चाचणीत, औषध न मिळालेल्या गटापेक्षा औषध मिळालेल्या गटात मृत्यू जास्त दिसल्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये ते थांबवण्यात आले. त्याची मात्रा आठवड्याला ५०० मिलीग्रॅम होती. इन्क्लिसिरानची एका खेपेची मात्रा २८४ मिलीग्रॅम आणि तीही वर्षातून दोनदा, त्यामुळे दोघांना एका मापाने मोजता येत नाही. तरीही, या वर्गातील औषध नवे आहे म्हणून थोडे थांबावे असे म्हणणारा डॉक्टर हवेत बोलत नव्हता, एवढे यावरून दिसते.

इन्क्लिसिरानच्या स्वतःच्या चाचण्या मात्र स्वच्छ निघाल्या. २०२० मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ओरायन-१० मध्ये अमेरिकेतील १,५६१ आणि ओरायन-११ मध्ये युरोप व दक्षिण आफ्रिकेतील १,६१७ रुग्ण होते. बहुतेक जण आधीच स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी घेत होते आणि तरी त्यांचे एलडीएल सरासरी दर डेसिलिटरला १०५ मिलीग्रॅमच्या आसपास होते. ५१० व्या दिवशी, इंजेक्शनच्या नावाखाली निव्वळ खारे पाणी मिळालेल्यांच्या तुलनेत, एलडीएल अनुक्रमे ५२ आणि ५० टक्क्यांनी कमी होते. यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांच्या तपासण्यांत दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. टोचल्या जागी त्रास झालेल्यांचे प्रमाण औषध गटात २.६ आणि ४.७ टक्के, आणि दुसऱ्या गटात एक टक्क्याच्या आत होते. ओरायन-१० मध्ये हृदयविकाराशी संबंधित घटना औषध गटात ७.४ टक्के आणि दुसऱ्या गटात १०.२ टक्के नोंदल्या गेल्या. आकडा आशादायक आहे. परंतु दीड वर्षाची मुदत आणि इतके थोडे रुग्ण यांच्या आधारे निष्कर्ष काढायचा नाही, हे संशोधकांनीच आधी ठरवून ठेवले होते. त्या निष्कर्षासाठी ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली ओरायन-४ ही सुमारे पंधरा हजार रुग्णांची, अनेक वर्षे चालणारी वेगळी चाचणी सुरू झाली होती.

युरोपने डिसेंबर २०२० मध्ये औषधाला परवानगी दिली. अमेरिकेत कारखान्याच्या तपासणीच्या मुद्द्यावर एक वर्ष गेले. इंग्लंडमध्ये पुढचा निर्णय होता नाइसचा, म्हणजे उपचाराचा खर्च त्याच्या लाभाला साजेसा आहे का हे ठरवणाऱ्या संस्थेचा.

नाइसचा ऑक्टोबर २०२१ चा निर्णय बारकाईने वाचण्यासारखा आहे. ज्यांना झटका, इस्केमिक म्हणजे रक्तपुरवठा अडल्याने होणारा पक्षाघात किंवा पायांच्या धमन्यांचा आजार होऊन गेला आहे किंवा धमनी मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि पेलवेल तितके स्टॅटिन व इतर औषधे घेऊनही ज्यांचे एलडीएल दर लिटरला २.६ मिलीमोल, म्हणजे दर डेसिलिटरला साधारण १०० मिलीग्रॅम किंवा त्याहून अधिक राहते, त्यांना इन्क्लिसिरान द्यावे. ज्यांना अजून असा आजार झालेला नाही त्यांना ते केवळ संशोधनाचा भाग म्हणून द्यावे. समितीने हेही नोंदवले की हृदयविकाराच्या घटनांवरील परिणामाचा प्रत्यक्ष पुरावा नाही, आणि एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलवरील दुसऱ्या गोळीशी किंवा प्रतिपिंडांशी थेट तुलनाही झालेली नाही. आता याच नाइसने २०१६ मध्ये प्रतिपिंडांसाठी घातलेली अट पाहा. तिथे झटका येऊन गेलेल्या रुग्णालाही एलडीएल ४.० मिलीमोलच्या वर, आणि अतिशय जास्त धोका असल्यास ३.५ च्या वर असेल तरच औषध मिळते. वास्तविक प्रतिपिंडांच्या बाबतीत घटनांवरील परिणामाचा पुरावा २०१७ मध्येच आला होता. इव्होलोक्युमॅबच्या फुरिए चाचणीत २७,५६४ रुग्णांमध्ये मुख्य घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे पुरावा ज्याचा अधिक, त्याची अट कडक, आणि ज्याचा कमी, त्याची सैल. हा उफराटा क्रम किमतीमुळे निर्माण झाला. इन्क्लिसिरानच्या एका इंजेक्शनची छापील किंमत १,९८७.३६ पौंड होती, पण एनएचएसला गोपनीय सवलत मिळाली होती आणि जीपींच्या दवाखान्यांना तर ते नाममात्र दरात मिळणार होते. इतक्या स्वस्तात मिळणारे औषध सैल अटीलाही परवडते, हा हिशेब अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. मात्र दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला सवलतीचा आकडा दिसत नाही, पुराव्यातील पोकळी दिसते.

एलडीएलच्या आकड्यावरून झटक्यांचा अंदाज बांधणे कितपत योग्य आहे, या प्रश्नावर इथे सगळे अवलंबून आहे. संशयाला इतिहासाचा आधार आहे. टॉर्सेट्रॅपिब या गोळीने एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ मानले जाणारे कोलेस्टेरॉल वाढले आणि एलडीएलही उतरले, पण मृत्यू वाढल्याने डिसेंबर २००६ मध्ये तिची चाचणी थांबवावी लागली. दुसऱ्या बाजूला, स्टॅटिन, एझेटिमाइब आणि प्रतिपिंडे या तीन वेगवेगळ्या मार्गांनी एलडीएल उतरवल्यावर घटना कमी झाल्या आहेत, आणि पीसीएसके९ निकामी असलेल्या माणसांचा पुरावा तर आहेच. स्टॅटिनच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार एलडीएल १ मिलीमोलने उतरले की मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. या सूत्राने एका काल्पनिक रुग्णाचा हिशेब मांडता येतो. झटका येऊन गेलेल्या, पूर्ण मात्रेत ॲटोर्व्हास्टॅटिन आणि सोबत एझेटिमाइब घेऊनही ३.० मिलीमोलवर अडकलेल्या साठ वर्षांच्या माणसाचे एलडीएल इन्क्लिसिरानने १.५ वर आले, तर त्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटतो. पुढील दहा वर्षांत त्याला पुन्हा घटना होण्याची शक्यता १०० पैकी ३० असेल तर ती २१ च्या आसपास येते. असे शंभर जण दहा वर्षे, प्रत्येकी वीसएक इंजेक्शने घेतात तेव्हा नऊ जणांची घटना टळते. माझ्या मते हा लाभ मोठा आहे आणि या गटापुरता नाइसचा निर्णय समर्थनीय होता. मात्र ज्याचे एलडीएल २.७ आहे आणि ज्याला अजून एझेटिमाइब देऊनच पाहिलेले नाही, त्याच्या बाबतीत हेच गणित बरेच पातळ होते, आणि घोषणेतील तीन लाखांत असे रुग्ण पुष्कळ असणार होते.

नाइसच्या निर्णयानंतर लवकरच ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि जीपींचे रॉयल कॉलेज यांनी प्राथमिक सेवेतून हे औषध देण्याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. दीर्घकालीन परिणामांची माहिती नाही, अधिक देखरेख हवी असलेल्या नव्या औषधांना लावला जाणारा काळा त्रिकोण त्यावर आहे, आणि प्रतिकूल परिणाम झाल्यास जबाबदारी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर येते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. यातला एक मुद्दा मला विशेष वजनदार वाटतो. गोळीने त्रास झाला तर गोळी बंद करता येते. टोचलेले इन्क्लिसिरान परत काढता येत नाही. त्याचा परिणाम ओसरायला महिने लागतात. रुग्ण गोळ्या मध्येच सोडतो या जुन्या दुखण्यावर हा गुण म्हणजे उत्तम इलाज आहे, पण त्याच गुणामुळे सुई टोचणाऱ्याला आधी अधिक खात्री हवीशी वाटते.

त्यातच वेळ वाईट होती. २०२१ च्या शरद ऋतूत हेच दवाखाने करोनाच्या तिसऱ्या मात्रेच्या मोहिमेत गुंतले होते. इन्क्लिसिरानसाठी यादी काढणे, रक्त तपासणे, आधीच्या औषधांच्या मात्रा पूर्ण आहेत का हे पाहणे, रुग्णाला समजावणे, परिचारिकेची वेळ ठरवणे आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे, हे सगळे काम त्यांच्या माथी आले, तेही त्यांच्या मनातील प्रश्न अनुत्तरित ठेवून. एनएचएसने प्रादेशिक नवोपक्रम संस्थांमार्फत प्रशिक्षण दिले, दवाखान्यांना आर्थिक मोबदला ठेवला. पण पैशाने शंका फिटत नाही. स्कॉटलंडने त्याच वर्षी वेगळा मार्ग धरला. तिथे हे औषध तज्ज्ञांपुरते मर्यादित ठेवले गेले आणि एलडीएलच्या अटी प्रतिपिंडांसारख्याच कडक ठेवल्या गेल्या. रुग्णांचे वर्तुळ लहान, परंतु ज्यांना औषध द्यायचे ते नेमके कोण हे तिथे स्पष्ट होते.

माझा आक्षेप औषधावर नाही आणि लवकर निर्णय घेण्यावरही नाही. चूक क्रमात झाली. औषध कोण देणार हे किमतीच्या वाटाघाटीत ठरून गेले आणि देणाऱ्यांना नंतर सांगण्यात आले. तज्ज्ञांच्या दवाखान्यांतून, सर्वाधिक धोक्याच्या काही हजार रुग्णांपासून आरंभ करून, त्यांची पद्धतशीर नोंद ठेवत, जीपींच्या संघटनांना त्या नोंदीत सहभागी करून घेतले असते तर दोन वर्षांत त्यांच्याच हातात त्यांना पटणारी माहिती आली असती. नंतरच्या काळात आलेली माहिती औषधाच्या बाजूची होती. ओरायन-३ या विस्तारित चाचणीत चार वर्षे एलडीएल सरासरी ४४ टक्क्यांनी कमी राहिले आणि नवा धोका आढळला नाही. पण तोवर योजनेचा वेग गेला होता.

भारतातही आता इन्क्लिसिरान मिळते, मात्र इथे सौदा करणारी एनएचएस नाही; किंमत रुग्णाच्या खिशातून जाते आणि ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञासमोर प्रश्न उलटा उभा राहतो: तीन लाख रुग्ण कुठून आणायचे हा नव्हे, तर समोरच्या एकाला हा खर्च सांगावा का. सर्वाधिक लाभ कोणाला, हे यंत्रणेवरूनच कळते. एका पालकाकडून दोष आलेल्या कौटुंबिक उच्च कोलेस्टेरॉलच्या रुग्णांत, म्हणजे साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकात, निम्मे रिसेप्टर शाबूत असतात आणि पीसीएसके९ रोखल्याचा उपयोग होतो; ओरायन-९ मध्ये ४८२ अशा रुग्णांत तो दिसला. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्यांत रिसेप्टरच नसल्यासारखे असतात, आणि त्यांच्यावरील ओरायन-५ चाचणीत एलडीएल उतरले नाही. पस्तिशीत झटका आलेला, टाचेमागच्या जाड स्नायुबंधावर (टेंडनवर) कडक गाठी असलेला, वडील चाळिशीत गेलेला रुग्ण समोर येतो तेव्हा त्याच्या भावंडांचे आणि मुलांचे कोलेस्टेरॉल तपासणे हे पहिले काम आहे. त्याच्या स्वतःच्या बाबतीत स्टॅटिन पूर्ण मात्रेत चालू आहे का, एझेटिमाइब जोडले आहे का, गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का आणि थायरॉइड तपासले आहे का, हे चार प्रश्न इंजेक्शनच्या आधी येतात. जन औषधी केंद्रातल्या ॲटोर्व्हास्टॅटिनच्या गोळीला काही रुपयेच पडतात, आणि या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरही एलडीएल शंभर मिलीग्रॅमच्या वर राहिले तरच इन्क्लिसिरानचा विषय रुग्णापुढे काढावा.